तिरपी ओळ

पाच खात्यांची पाच कॅलेंडरं
आणि रूलोफचा एका ओळीचा निरोप:
सगळं एका पानावर दिसू दे, शुक्रवारपर्यंत.

डेल्फझाइलच्या जलमंडळात
मी आतली वेबपानं सांभाळते, म्हणजे
विसरलेले पासवर्ड, कँटीनचा मेन्यू
आणि ज्याला कुणी वाली नाही ते सगळं.

हिशेबवाले निळे.
ते अख्खी वाक्यं लिहितात, पूर्णविरामासकट.
पंपवाले नारिंगी. ‘तीन नंबर. परत.’
एवढ्यावर त्यांचा मार्च भागतो.
बांध तपासणारे हिरवे, परवाने जांभळे,
त्यातच खेस्ये वाढदिवसही टाकते,
केक कुणी आणायचा त्या नावासह.
जलद्वारांवरची माणसं राखाडी,
कारण बरे रंग संपले होते.

एकावर एक ठेवल्यावर आधी नुसता काला.
मग एकेक थर पुसट करत गेले
आणि खालून ती वर आली:
सोमवारी आठ दहा, मंगळवारी नऊ,
बुधवारी नऊ पन्नास, गुरुवारी दहा चाळीस.
चौकोनांच्या त्या पानावर एकटी तिरपी ओळ,
कुणी अंधारात भिंत चाचपत
जिना उतरावा तशी.

मला वाटलं, माझंच काही चुकलं.
घड्याळाचा प्रदेश तपासला, उन्हाळी वेळ तपासली,
शेवटी फोन लावला.

‘ओहोटी,’ हार्मके म्हणाली.
मागे साखळी करकरत होती, ती ओरडूनच बोलत होती.
‘बाहेरचं पाणी उतरलं की आतलं सोडायचं.
ते रोज पन्नास मिनिटं उशिरा उतरतं.
मी त्याला काय करू?’

‘पुन्हा कधी?’ असं विचारणारा एक रकाना असतो.
दररोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, दर वर्षी.
चंद्राची सोय नाही.
म्हणून हार्मके दर रविवारी रात्री
भरती-ओहोटीचं छापील पुस्तक मांडीवर घेते
आणि तेरा-चौदा नोंदी हातानं भरते.
अकरा वर्षं.
उधाणाच्या दिवसापुढे एक फुली.
भांगेच्या दिवसापुढे काही नाही.

मग मी जुनी हजेरी उघडली, उगाच नाही, खरं तर उगाचच.
पंधरवड्याची बैठक, मंगळवार, दहा वाजता.
हार्मके: गैरहजर. गैरहजर. गैरहजर.
चौथ्या गैरहजरपुढे कुणीतरी उद्गारचिन्ह दिलेलं,
बहुधा निळ्यांपैकी.
चारही तारखा पानावर आणून पाहिल्या.
चारही वेळा खाली राखाडी होतं,
दार उघडं, पाणी समुद्राकडे चाललेलं.

रूलोफ पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.
‘ही ओळ सरळ करता येईल?’
मी म्हटलं, येईल की,
आधी समुद्राला निरोप पाठवायला हवा.
नाही, असं म्हटलं नाही मी.
ते घरी जाताना सायकलवर सुचलं.
तेव्हा म्हटलं ते एवढंच: ‘नाही.’

‘मग बैठक हलवू,’ तो म्हणाला,
आणि चष्मा कपाळावर चढवून
माझ्याबरोबर पांढरा चौकोन शोधायला लागला.
पाच रंग आणि एक उतार यांच्यामध्ये
एकच सापडला: गुरुवार, पावणेचार.
त्यावर खेस्येचा केक होता.
‘असू दे,’ रूलोफ म्हणाला. ‘उलट बरं.’

रविवारी रात्री घरून पान उघडलं.
काही काम नव्हतं.
राखाडी चौकट उमटली, सोमवार.
थोड्या वेळानं मंगळवार.
बुधवारनंतर बराच वेळ काही नाही.
चहा ठेवायला उठली असेल,
किंवा पुस्तकाची दोन पानं चिकटली असतील.
मी थांबले.
मग गुरुवार,
पन्नास मिनिटं खाली.