पस्तीस बाय पंचेचाळीस

सदरमध्ये माझं फोटोचं दुकान आहे, जी.
पासपोर्टचे, व्हिसाचे, दहा मिनिटांत.
लग्नाचे मी काढत नाही. एकदा निघायचे होते, राहिलं.
बावीस वर्षं लोकांना एकच सांगून राहिलो:
कान दिसू द्या, दात दिसू देऊ नका,
डोळे उघडे, हसू नका.
जग फिरून आले असतील ते सगळे चेहरे,
माझ्यासमोर मात्र
तेरवीच्या पंगतीला बसल्यासारखे.

मेमधल्या एका बुधवारी दुपारी लाईन गेली.
सेहेचाळीस डिग्री. कूलर थांबला
की वाळ्याचा वास तेवढा मागं राहतो.
शेजारच्या झेरॉक्सवाल्या नलिनीबाई लांजेवार
तोंडाला दुपट्टा बांधून दारात उभ्या.
चला, सिनेमाला बसू, म्हणाल्या.
कोणता?
थंड.

थंड सिनेमात एक मुलगी, एक मुलगा,
परदेशातलं एक बेट,
आणि दोघांना दिलेली एकच खोली.
हॉटेलवाल्याची चूक.
आमच्या गणेशपेठेतल्या लॉजवर अशी चूक होत नाही,
तिथं माणशी दोन आधारच्या झेरॉक्स लागतात,
निम्म्या नलिनीबाईंच्याच मशीनमधून आलेल्या.

दोघं भांडतात. पलंगावर मधोमध उशांची भिंत घालतात.
समुद्र इतका निळा
की नलिनीबाई कानाशी म्हणाल्या, टोनर जास्त झाला.
मी मोठ्यानं हसलो.
पुढच्या पोरानं वळून पाहिलं,
पडद्यावर तेव्हा कोणी हसण्यासारखं काहीच करत नव्हतं.

मग स्कूटर. मग द्राक्षांचा मळा.
मग भिजायला पाहिजे म्हणून एक कारंजं.
ती नाचताना पडते, सावरायला गेलेला तोही पडतो,
आणि नलिनीबाई अंधारात बोटं मोजून राहिल्या.
काय झालं?
व्हिसा चौदा दिवसांचा दाखवला होता न,
हा सोळावा सूर्यास्त आहे. यांना कोणी पकडत काहून नाही?
म्हटलं, प्रेम आहे.
हाव, पण मुदत वाढवून तं मागावी लागते.

मध्यंतरात मी कोल्ड्रिंक आणलं.
स्ट्रॉ एकच आली.
हॉटेलवाल्यासारखी चूक.

शेवटी विमानतळ, तो असतोच.
हा धावतो, एका पायात चप्पल,
शिपाई बाजूला होतात, कोणी टाळ्या वाजवतं.
मी सोनेगावला एकदाच गेलो, भाच्याला सोडायला.
दाराशी तिकीट मागितलं.
काचेतून हात हलवत राहिलो,
तो आत फोनमध्ये मान घालून.
नलिनीबाईंनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.
एसी गेला डोळ्यात, म्हणाल्या.

बाहेर ऊन तसंच उभं होतं.
स्कूटीची सीट म्हणजे तवा.
दुकानात लाईन आलेली, कूलर आपला फिरून राहिलेला कोणासाठीच नाही.
त्या सरळ आत आल्या, स्टुलावर बसल्या.
माझा एक काढा.
कुठं चालल्या?
कुठं नाही. पासपोर्टही नाही. काढून तं ठेवू.

मी नेहमीचंच म्हटलं. हनुवटी वर. कान.
हसू नका.
हसल्या.
पुन्हा काढला. पुन्हा हसल्या.
बाई, हा कोणत्याच देशात चालणार नाही.
नको चालू दे, म्हणाल्या, आणि तोंड गंभीर केलं,
एक क्षण, दीड क्षण,
आणि मग माझ्याच हातात कॅमेरा हलला.

आठ निघतात एका शीटवर.
चार त्यांनी नेले, पैसे मोजून ठेवले, सुटे.
चार गल्ल्यात आहेत, दहाच्या नाण्यांखाली.

काल एक मुलगा आला, कॅनडाचं काम.
तिकडचं माप मोठं असतं, पन्नास बाय सत्तर.
म्हटलं, सरळ बस, हसू नको.
आणि मलाच आवरेना.
काय झालं काका?
काही नाही बे.
टोनर.