ठसे

फ्रेस्नोच्या त्या ऑफिसात काचेवर बोट टेकवलं
तर मशीन म्हणालं, इथे कोणी नाही.
शर्टाला पुसून पुन्हा. अंगठा. मधलं.
पडद्यावर नुसतं धुकं.

बावीस वर्षं सिमेंटनं खाल्लंय, मी म्हटलं.
बाईला सवय असावी:
आठवडाभर काम बंद, रोज मलम, मग या.

म्हणजे मी गवंडी आहे हे सरकारला पटवायला
आधी गवंडीकाम सोडायचं.

अनुभवाच्या कागदावर ओर्तेगाची सही आहे.
त्याच्या ओळंब्यातून गेलेल्या तीन भिंती
मी रात्रीत पाडून उभ्या केल्या,
ते त्यानं लिहिलं नाही. मीही नाही.
कायद्याचा पेपर दुसऱ्या खेपेला निघाला.

शेवंता भांड्यालाही हात लावू देईना.
हातात पायमोजे घालून झोपलो, हसली पोरं.
पाचव्या रात्री दिव्याखाली अंगठा धरला:
बारीक रेघा, ओल्या गिलाव्यावर
थापी फिरवल्यावर उरतात तशा.
वडिलांच्या असतील का अशा?
त्यांचा अंगठा मी शाईतच पाहिलेला.

सोमवारी मशीननं ओळखलं.

नूतनीकरणाला म्हणे ठसे लागत नाहीत.
मंगळवारी सकाळीच पोतं फोडलं.