हातोडी एक

परिपत्रक सोमवारी आलं, लागू गुरुवारपासून:
"धारदार, टोकदार अथवा बोथट, धातूची कोणतीही वस्तू
अभ्यागताने गेटवर जमा करावी."
बोथट हा शब्द मी दोनदा वाचला.
बोथट माझी पेन्सिलही आहे. पण ती धातूची नाही.

गुरुवारी पावणेपाचला मुजावर मास्तर आले,
चर्चगेटपासून चालत, समुद्राच्या वाऱ्याने सदरा अंगाला चिकटलेला,
एका खांद्याला डग्गा, दुसऱ्याला तबला.
अकरा वर्षं मी त्यांचं नाव लिहिते.
शौकत मुजावर. कुठून: वडाळा. कोणाकडे: स्टुडिओ दोन.
सही अशी करतात की पेन कागदाला एकदाच टेकतं.

कमान ओरडली.
त्यांना पाहून ती नेहमीच ओरडते
आणि मी नेहमीच म्हणते, जा मास्तर.
त्या दिवशी वर नवा कॅमेरा होता
आणि कॅमेऱ्याखाली सुर्वेसाहेब.

"हातोडी जमा करा."
"बाई, लाइव्ह आहे."
"माहीत आहे मला."
"बाहेर ही दमट हवा, आत एसी.
पुडी चढते. उतरवायला लागते."
हे ते मला सांगत होते, साहेबांना नाही.
साहेब म्हणाले, मग इथेच काय ते मिळवून घ्या ना.
मास्तर हसले नाहीत.
हातोडी टेबलावर ठेवली, मूठ माझ्याकडे करून,
घरातल्या माणसाला कात्री देतात तशी.

मी लिहिलं: हातोडी, पितळी, एक. मुठीला सुतळी.

पाच वाजून पाच मिनिटांनी केबिनमधला रेडिओ लावला.
बाई काळी चारात गातात.
ठेका सुरू झाला आणि तबला चढलेला होता.
फार नाही. नालासोपाऱ्यात गवार निवडत
ऐकणारीला कळलंही नसेल.
मला कळलं. हातोडी माझ्यासमोर होती ना.

तिसरा मजला, उजवीकडे, लाल दिव्याचं दार.
धावले तर दोन मिनिटं.
पण गेट सोडलं तर मेमो,
आणि गेल्या वर्षी धोत्रेला लघवीला गेल्याबद्दल मिळाला होता.
हातोडी उचलली.
परत ठेवली.
बोथट होतीच.

बाई आलापीत शिरल्या, तबला गप्प झाला,
आणि त्यांच्या एका लांब सुराच्या मागे, अगदी मागे,
टक्.
टक्. टक्.
हातोडीचा हा आवाज नव्हे. काहीतरी जड, ओबडधोबड,
पण मारणारा हात ओळखीचा.
समेवर आले तेव्हा तबला सुरात बसलेला.
मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं. साहेब बघत होते.

सहा दहाला मास्तर बाहेर आले. वस्तू परत मिळाली, सही.
"कशाने हो?" मी हळू विचारलं.
"दाराच्या कडीला लटकत होतं," ते म्हणाले.
"कुलूप. तुमचंच."

शुक्रवारी सकाळी कुलपांची तपासणी.
स्टुडिओ दोनच्या पितळी कुलपावर, खालच्या कडेला,
ओरखडे तीन, ताजे, पिवळेधमक.
हे कधीचे, साहेबांनी विचारलं.
जुने असतील, मी म्हणाले.
खोटं बोलल्यावर माझा कान गरम होतो. तसा झाला.
साहेबांनी शेरा लिहिला: "कुलूप सुस्थितीत."

परिपत्रक अजून काचेखाली आहे.
त्यात कुलपाचं नाव नाही, मी बोट ठेवून पाहिलं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता स्टुडिओ मीच उघडला.
किल्ल्यांच्या वहीत नोंद केली, माझ्या बोथट पेन्सिलीने:
स्टुडिओ दोन, उघडला.
कुलूप आत ठेवले आहे. गादीवर, डाव्या हाताला.