पीळ

दुपारी दोनच्या एसटीतून अकोल्याचा बर्फ उतरतो
पोत्यात, लाकडाच्या भुशात.
मूर्तिजापूर सुटेपर्यंत त्याचा चौथा हिस्सा
रस्त्याने पिऊन टाकलेला असतो.
उरलेला सुखदेव बत्त्याने फोडतो,
मी वरून खडेमीठ पसरते.
उणे सोळा. उणे अठरा.
एवढ्या गारठ्यातच
टायटॅनियम नीट वागतो.

टायटॅनियमला स्वतःचं डावं-उजवं नसतं.
हात उसने घ्यावे लागतात.
ते मी कॉलेजमागच्या चिंचेकडून घेतले:
पिकल्या चिंचा कढवल्या, गाळल्या,
पानठेल्यावरचा चुना टाकला,
तळाशी पांढरं बसलं.
एवढी वर्षं ते झाड
एकाच हाताचं आम्ल करत आलंय.
त्याला कुणी विचारत नाही, कसं गं जमतं.
माझ्या वहीत मात्र पाच वर्षं
पन्नासला पन्नास,
पन्नासला पन्नास.

काय बनवता मॅडम, सरपंचबाईंनी विचारलं होतं.
वास, मी म्हणाले. पतंगाच्या मादीचा.
त्याचे रेणू दोन जातींचे होतात,
तेच अणू, तेवढंच वजन,
उकळतातसुद्धा एकाच आचेवर,
फक्त एक दुसऱ्याचा आरसा.
कामगंध सापळ्यात डावा ठेवा,
नर रात्रभर घिरट्या घालतो.
उजवा ठेवा, तो शेजारच्या वावरात निघून जातो.
आणि दोन्ही मिसळून ठेवले
तर कुणी हाक मारावी
आणि त्याच तोंडाने नको म्हणावं, तसं.
बाई हसल्या. म्हणाल्या, माह्या नणंदेसारखं.

रात्री अकराला लाईन गेली.
ढवळणारं चुंबक फ्लास्कच्या तळाशी
मेलेल्या मासोळीसारखं पडलं.
सुखदेव कंदील लावून
पहाटेपर्यंत हाताने हलवत बसला.
बर्फाचं पाणी झालं, पाण्याचं कोमट.
सकाळी माल भरघोस निघाला, नव्वद टक्के,
आणि पोलॅरिमीटरमधला उजेड
तसूभर वळला नाही.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात.
इथे सुंभ धडधाकट.
पीळ तेवढा
बर्फाबरोबर मोरीतून वाहून गेला.

सुखदेवचे वडील, दौलतराव नेवारे,
ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होते.
मी उगाच बघत उभी राहिले,
मग लक्षात आलं, पेड उलटा जातोय.
"मी डावरा ना," ते म्हणाले.
"माहा दोर लोकाइच्या दोराले जोडला का सुटते.
एकटा असला तं हत्ती बांधा."
बाजारात कुणाला कळतं?
"घेनाऱ्याले नाई कळत. गाठीले कळते."

ते वाक्य मी वहीत लिहिलं, तारखेसकट.
शोधनिबंधात ते जाणार नाही.
सुखदेवचं नाव जाईल, आभारात, सगळ्यात खाली.
उत्प्रेरकाचंही असंच असतं:
क्रियेत असतो, उत्पादात नसतो,
शंभरामागे पाच रेणू,
जोडून देतात, बाजूला होतात,
पुन्हा पुढच्या जोडीकडे.
हे लिहिताना मला बरं वाटलं
आणि मग लाज वाटली.
सुखदेवला महिना चार हजार मिळतात.

पौषात थंडी पडली तेव्हा
बर्फ सकाळपर्यंत टिकला.
लाईन दोनदा गेली, दोनदा आली.
नळी भरून मी त्याला म्हटलं, तू बघ,
माझे डोळे आता मला हवं तेच बघतात.
सोडियमच्या पिवळ्या दिव्यापुढे तो वाकला.
बराच वेळ काही बोलला नाही.

"मॅडम, एक बाजू काळी हाये."

फिरव, मी म्हटलं, दोन्ही सारख्या होईपर्यंत.
चकती किर्र किर्र वाजत गेली,
शून्याच्या पुढे,
आणखी पुढे.

आकडा लिहिला. खोडला.
नळी धुतली, पुसली,
आणि त्याला म्हटलं, पुन्हा भर.