अकरावं प्रकरण

बिडफर्डमध्ये, साको नदीच्या काठावर,
ज्या गिरणीत रोझिल्दा गाबुरी बारा मागांवर उभी राहायची
तिच्याच तिसऱ्या मजल्यावर मी आता भाड्यानं राहते.
खिडक्या उंच, भाडं त्याहून उंच.
जमिनीच्या फळ्यांत तेल मुरलंय अजून,
जुलैत त्याला वास सुटतो,
इचलकरंजीचा.

माझे वडील जॉबर होते.
धोटा, कांडी, फणी
मुळाक्षरांच्या आधी शिकले मी.
फ्रेंच फार नंतर, पुण्यात, संध्याकाळच्या वर्गात;
तिथल्या कपड्यांच्या धड्यात
कपडे फक्त विकत घ्यायचे असत.

बाईंनी पाच कादंबऱ्या लिहिल्या.
पहिली एकोणिसाव्या वर्षी, पगाराच्या पाकिटांच्या पाठीवर.
इथलं फ्रेंच साप्ताहिक दर गुरुवारी एक प्रकरण छापायचं
आणि चुलीपाशी बसून कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं,
बहुतेक घरातलं धाकटं,
कारण थोरल्यांना अक्षर नव्हतं.
पाद्रीबुवा नाव न घेता म्हणाले,
काही मुलींचा टाक मागापेक्षा जोरात चालतो.
पुढच्या गुरुवारी चाळीस अंक जास्त खपले.

माँट्रियालच्या प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं:
कथा बरी, पण भाषेत गिरणीचा कचरा फार.
हिनं कार्डावर उत्तर दिलं, एका ओळीचं:
‘इथं आम्ही असंच बोलतो.’
बॉस्टनच्या प्रकाशकाला पुस्तक इंग्रजीत हवं होतं,
नाव लहान, आणि मध्ये कुठंतरी एक हिमवादळ.
हिनं वादळ दिलं. सव्वाचार पानं.
नाव दिलं नाही.
त्या पैशांत पुढचे दात बसवून घेतले,
कारण धोट्याच्या भोकातून ओठांनी दोरा ओढून ओढून
विणकरणींचे दात आधी जातात.
पाचव्या पुस्तकाच्या पाठीवर, म्हणून,
बाई पहिल्यांदा हसलेल्या दिसतात.

मी दुसरी मराठीत आणतेय.
तिच्यात धोटा आला की शब्दकोशाकडे हात जात नाही.
बाकी सगळ्यासाठी जातो.

दहाव्या प्रकरणात देलिमा स्टेशनवर उभी आहे,
ट्रंकेला दोरी बांधलेली, गाडीची शिट्टी झालेली.
बाराव्यात तिचं लग्न होऊन गेलंय
आणि ती बटाट्याच्या भावावरून भांडतेय.
मधला अंक ग्रंथालयाच्या फिल्मवर नाही.
क्वेबेकला लिहिलं, ओटावाला लिहिलं,
एका माणसाच्या माळ्यावर दोन दिवस शिंकत बसले.
ट्रंक उघडली का? गाडी कुणी सोडली?
रात्री मीच रचत राहिले, मोह आवरेना.

शेवटी लिओनी तुर्कोत सापडल्या, बाईंची भाची,
वय त्र्याण्णव, कानाला यंत्र, हातात वाटाण्याच्या शेंगा.
प्रश्न तीनदा विचारावा लागला.
मग त्या इतक्या हसल्या की शेंगा सांडल्या.

‘अकरावं लिहिलंच नव्हतं गं तिनं.
त्या आठवड्यात ओव्हरटाइम होता.
आत्या म्हणाली, बारा आकडा टाका,
लोकांना वाटेल अंक आपल्याकडूनच हुकला.’

आणि वाटलं.
कुणी पोराला बडवलं, चूल पेटवायला पेपर फाडला म्हणून,
कुणी शेजारणीशी बोलणं टाकलं,
आणि एक म्हातारा म्हणे शपथेवर सांगायचा,
मी वाचलंय ते, सगळ्यात छान तेच होतं.

मी वाटाणे वेचू लागले.
तुर्कोतबाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत कोण वाचणार हे?
माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं.
म्हटलं, गावाकडे एक मावशी आहे. तिला मागाचं कळतं.

घरी आले. खाली नदी.
माझं मधलं प्रकरण, मी रचलेलं,
ट्रंक उघडणारं, चांगलं उतरलेलं,
घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.
टेबल हलायचं थांबलं.
नव्या पानावर आकडा घातला: बारा.
खाली बटाट्याचा भाव.