भाता

पाळकांचं नाव शंतवन घोडके.
आधी अक्कलकोट रोडला चादरीच्या मागावर होते,
डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं.
मंडळीतले म्हणायचे, बरंय की,
निम्म्या शिव्या बाहेरच राहतात.

तो एप्रिलमधला रविवार.
पारा त्रेचाळीसच्या वर, नळाला पाणी पाचव्या दिवशी,
पंखे फिरायचे म्हणून फिरत होते.
पहिल्या बाकावर आढाव.
पत्रे त्यांनी घातलेले, पंखे त्यांचे,
माझी पेटीसुद्धा त्यांच्या आईच्या स्मरणार्थ;
पितळी पट्टीवर नाव आहे,
काळी चार वाजवताना मनगटाला लागतं.

शंतवन उभे राहिले. घसा खाकरला.
"क्षमेवर बोलणार होतो. वहीत लिहिलंय.
पण रात्री झोपू दिलं नाही मला."
कोणी, ते सांगितलं नाही.
मग म्हणाले,
ज्या घामाचे पैसे दिले नाहीत तो घाम वाळत नाही,
सोलापूरच्या उन्हातसुद्धा नाही.
देव रोज बोट लावून बघतो,
अजून ओलाच आहे.

मागून कोणीतरी, "काय बोलायलाय हा?"
पुढून, "प्रार्थना घ्या, पाळक."
एक बाक करकरला, मग दुसरा.
एक म्हातारा चपला शोधत उठला
आणि सापडल्यावरही उभाच राहिला.

मी पेटीपाशी खाली बसते,
मला टेबलाखालचं दिसतं.
पाळकांचे गुडघे हलत होते.
चपलेतली बोटं आवळलेली,
पुरात उभ्या माणसाची असावीत तशी.
आवाज मात्र जागचा हलला नाही.

आढावांनी मान वळवली नाही.
मांडीवरचा हात चार बोटं उचलला,
माझ्याकडे बघून बोटं हलवली.
वाजव.

मी वाजवलं.

सोमवार ते शनिवार मी त्यांच्याच शेडमध्ये
टॉवेलला किनार घालते.
डझनाचा दर ठरलेला,
दिवाळीपासून निम्मा हातात, निम्मा त्यांच्या वहीत.
पाळक माझ्या पैशांबद्दल बोलत होते
आणि मी भाता मारत होते,
दोन पट्ट्या वर, सगळे स्वर उघडून.
लोक गायला लागले.
त्या गाण्याच्या आत त्यांचे ओठ हलत राहिले,
शेवटच्या शब्दापर्यंत.
मग वही मिटली.

बाहेर लिंबाखाली ते माठातलं पाणी पीत होते.
म्हटलं, चुकलं माझं.
म्हटलं, पण तुम्हाला तरी गप्प बसायला काय झालं होतं?
बदली करतील. घर रिकामं करायला लावतील.

"मार्था, मागावर वर पुठ्ठे लटकतात,
भोकं पाडलेले. बघितलेत का?
भोक असेल तिथं सुई जाते, तो धागा उचलतो.
मोर नको, कमळ काढतो,
असं मागाला म्हणता येत नाही."

गिऱ्हाईकाला मोर नको असला तर?

"काय म्हणालीस? या बाजूनं बोल.
तुझ्या पेटीनं उजवाही गेला आज."
आणि हसले.
मला हसता आलं नाही.

पुढच्या रविवारी गर्दी होती.
भांडण बघायला माणसं येतातच.
वीज गेलेली. पंखे थांबलेले,
पलीकडच्या बोळातले माग थांबलेले.
या गावाला इतकं गप्प
मी जन्मात ऐकलं नव्हतं.

शंतवननी वही उघडलीच नाही.
"गेल्या वेळी ऐकू आलं नसेल," म्हणाले,
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आढावांचा हात उचलला गेला.

मी भाता दाबून बसवला
आणि त्याचा खटका लावला.
एवढंच. धाडसबिडस नाही.
खटका लावताना टक् झालं,
ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं असावं.

सोमवारी शेडमध्ये माझं मशीन दुसरीला दिलं होतं.
निम्मे पैसे अजून वहीतच आहेत.
ओले.