चार रकाने

जिल्ह्याहून कागद आलाय:
सोसायटीच्या प्रोग्रॅममध्ये वर्षभर जे जे केलं
ते चारपैकी एका रकान्यात भरा.
दुरुस्ती. जुळवणी. सुधारणा. खबरदारी.

हर्णैच्या बर्फ कारखान्यामागे माझी खोली.
कीबोर्डला खाऱ्या वाऱ्याचा चिकटा.
बंदीचे दिवस, होड्या वर ओढलेल्या,
म्हणून भरायला बसलेय.

डिझेलच्या बेरजेत एक शून्य जादा पडायचं: दुरुस्ती.
कर बदलला, पावती बदलली: जुळवणी.
परवेझला उन्हात अक्षरं दिसेनात, मोठी केली:
सुधारणा, बहुतेक.
दर तासाला हिशोबाची नक्कल: खबरदारी,
पण ती सुचली एक अख्खा दिवस पुसला गेल्यावर.
मालवणचा व्यापारी पापलेटाला सरंगा म्हणतो,
त्याच्यासाठी यादीत दुसरं नाव घातलं.
मासा तोच, भाव तोच. हे कशात धरू?

खिडकीखाली सुलेमान मिस्त्री फळ्यांच्या फटीत
कापूस नि चंद्रूस ठोकतोय.
विचारलं, यातली दुरुस्ती किती, खबरदारी किती?
म्हणाला, मी बिल एकच लावतो.

राहिली ओळ चारशे बारा.
केळसकरांनी लिहिलेली. ते आता ठाण्यात, फोन उचलत नाहीत.
'सभासद एकशे सतरा असेल तर बर्फाचे पैसे धरू नये.'
खाली शेरा: काढू नका.
का, ते नाही.

मार्चात मी ती काढली.
दुसऱ्या दिवशी चांगुणा पावसे खिडकीशी,
हातात साठ रुपयांची पावती.
भांडली नाही.
पावती उलटी करून बघत राहिली,
मागे काही लिहिलंय का.

मग कळलं. होडी, दोघे भाऊ, तेरा वर्षं झाली.
सभेत सगळ्यांनी हात वर केले होते,
ठराव वहीत उतरवायचा राहून गेला.
उतरला तो एवढ्या एका ओळीत.

ओळ परत घातली.
साठ रुपये माझ्या पाकिटातून.
केळसकरांच्या शेऱ्याखाली माझा शेरा:
होडीचं नाव, वर्ष,
ज्यांचे हात आठवले त्यांची नावं.

काढली तेव्हा मी 'सुधारणा' लिहिलं होतं.
ते खोडलं.

कागद पाठवला.
एकूण कामं एकोणचाळीस,
चारी रकाने मिळून अडतीस.
सोमवारी फोन येईल.